व्हीसीचे यंत्र आणि बोलण्याचा हक्क

वऱ्हाडातील तालुक्याच्या कचेऱ्यांत गेल्या काही वर्षांत एक वाक्य रूढ झाले आहे : ‘साहेब व्हीसीत आहेत.’ कुऱ्ह्याहून किंवा मोझरीहून तिवसा येथे आलेल्या शेतकऱ्याला हे वाक्य दारातच ऐकावे लागते. व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्याचा व्यावहारिक अर्थ त्याने अनुभवाने लावलेला असतो : आज काम होणार नाही. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेले, तर पीकविम्याच्या नियमाप्रमाणे नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत असे. त्या ७२ तासांपैकी किती तास अधिकारी पडद्यासमोर अडकून पडला होता, याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात होत नाही.

अंतर कमी करण्यासाठी आणलेल्या यंत्राने नेमके कोणाचे अंतर कमी केले, हा प्रश्न म्हणूनच विचारावयास हवा. मुंबईचा आदेश अमरावतीला आणि अमरावतीचा तिवशाला पोहोचण्यास पूर्वी जो अवधी लागे, तो आज उरलेला नाही. तिवशाचे गाऱ्हाणे मुंबईला पोहोचण्याचा अवधी मात्र होता तेवढाच आहे. हा दोष यंत्राचा नाही. ते यंत्र ज्या रीतीने विकत घेतले जाते, बसविले जाते आणि ज्या रीतीने त्याची मांडणी केली जाते, त्या रीतीचा हा दोष आहे. ही मांडणी म्हणजे तंत्रज्ञांची खाजगी बाब, असे समजून लोकशाही समाजवादी चळवळीने आजवर तिच्याकडे पाठ फिरविली. ही उपेक्षा आता परवडणारी नाही. कारण सत्तेचे वाटप आज कायद्याच्या कलमांइतकेच यंत्राच्या मांडणीतही ठरू लागले आहे.

भार कोणी वाहावयाचा?

व्हीसीच्या केंद्रस्थानी एक सर्व्हर असतो. अनेक ठिकाणांची चित्रे आणि आवाज त्याच्याकडे येतात व त्याच्यामार्फत इतरांकडे जातात. ही देवघेव करण्याच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत सर्व्हर सर्वांची चित्रे व आवाज एकत्र करतो आणि प्रत्येक ठिकाणी एकच तयार प्रवाह धाडतो. या यंत्राला एमसीयू म्हणतात. ते महाग असते, परंतु टोकाला बसलेल्या माणसाचे साधन जुने असले आणि त्याची जोडणी बारीक असली तरी त्याचे निभावते. दुसऱ्या पद्धतीत सर्व्हर काहीही एकत्र करीत नाही. एकाचा प्रवाह तो इतरांकडे नुसता वळवून देतो. तिला एसएफयू म्हणतात. दहा ठिकाणे जोडली, तर पहिल्या पद्धतीत सर्व्हरमधून दहा प्रवाह बाहेर पडतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाला इतर नऊ जणांचे नऊ, या हिशेबाने नव्वद. ते नऊ प्रवाह ओढून घेण्याचे आणि उलगडण्याचे काम टोकाच्या यंत्राला करावे लागते.

दुसऱ्या पद्धतीत सर्व्हरचा खर्च वाचतो, म्हणून आज तीच सर्वत्र प्रचलित आहे. तथापि अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठात शिकविले जाते की, वाचलेला खर्च पुष्कळदा नाहीसा झालेला नसतो. तो दुसऱ्याच्या माथी गेलेला असतो. येथे तो टोकाला असलेल्या ग्रामपंचायतीच्या माथी जातो. ज्याची जोडणी दुबळी आहे त्याला हलक्या दर्जाचा प्रवाह धाडण्याची सोय या पद्धतीत करता येते. परंतु ती सोय कोणीतरी विचारपूर्वक लावावी लागते, आणि ती लावणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मंत्रालयातील दालन आहे की तालुक्यातील एखादे खेडे, यावर सर्व अवलंबून राहते.

दुसरी बाब याहून साधी व याहून महत्त्वाची आहे. माणसाचा आवाज स्पष्टपणे पोहोचविण्यास सेकंदाला ४० ते ६४ हजार बिट पुरतात. त्याचा चेहरा ठसठशीत दाखवावयाचा तर दहा-पंधरा लाख बिट लागतात. म्हणजे चित्राचा भार आवाजाच्या वीस-तीस पट आहे. जोडणी आक्रसली की यांपैकी कोणाचा तरी बळी द्यावा लागतो. आवाजाला प्राधान्य द्यावे, अशी सूचना सर्व्हरमध्ये आणि वाटेवरील यंत्रांत देऊन ठेवता येते. तसे केले तर चित्र पुसट होते, पण बोलणे तुटत नाही. तसे केले नाही तर चेहरा गोठतो, शब्द अर्ध्यावर तुटतात, आणि वरच्या टोकाचा अधिकारी ‘तुमचा आवाज येत नाही’ असे म्हणून पुढच्या तालुक्याकडे वळतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे बोलणे एका टोकाहून दुसऱ्या टोकास १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावे. विलंब फार वाढला की संभाषणाचे भाषण होते. ज्याला अडवून प्रश्न विचारावयाचा आहे तो मागे पडतो आणि ज्याला एकट्यानेच बोलावयाचे आहे त्याचे फावते.

आवाज आधी आणि चित्र मागून, हा म्हणून केवळ तांत्रिक सल्ला नाही. तो लोकशाहीचा नियम आहे. पडद्यावर उजळ दिसणाऱ्या चेहऱ्याची गरज सत्तेला असते. तिवशाची गरज ऐकले जाण्याची आहे.

पडद्यामागची घटना

सर्व्हर बसविला की त्यात काही अधिकार नेमून द्यावे लागतात. बैठक कोण उघडू शकेल? ध्वनिक्षेपक बंद करण्याची कळ कोणाच्या हाती असेल, आणि बंद केलेला ध्वनिक्षेपक ज्याचा त्याला उघडता येईल काय? ध्वनिचित्रमुद्रण होईल काय, ते कोठे राहील, कोणाला पाहता येईल? या प्रश्नांची उत्तरे म्हणजे त्या बैठकीची घटनाच होय. देशाच्या घटनेवर संविधान सभेत जवळजवळ तीन वर्षे चर्चा झाली. ही छोटी घटना मात्र पुरवठादाराचा माणूस एका दुपारी लिहून जातो, आणि यंत्र कारखान्यातून आले तेव्हा जी मांडणी होती तीच बहुधा कायम राहते. त्या मांडणीत यजमान सार्वभौम असतो. तो सर्वांना एका कळीने गप्प करू शकतो आणि गप्प झालेल्याने पुन्हा बोलू नये अशी तजवीजही करू शकतो.

केंद्र सरकारने २५ मार्च २०१५ रोजी ‘प्रगती’ नावाची व्यवस्था सुरू केली. तीत पंतप्रधान केंद्रीय सचिवांशी व राज्यांच्या मुख्य सचिवांशी पडद्यावरून बोलून रखडलेल्या प्रकल्पांचा आढावा घेतात. आढावा घेणे गैर नाही. परंतु हाच नमुना खालच्या प्रत्येक पायरीवर गिरविला गेला आहे. मंत्रालय विभागीय आयुक्तांना विचारते, आयुक्त जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्हाधिकारी तहसीलदारांना आणि तहसीलदार तलाठ्यांना. प्रश्नांचा ओघ वरून खाली आहे, आकड्यांचा ओघ खालून वर आहे, आणि या संपूर्ण उतरंडीत नागरिकाला बसावयास एकही खुर्ची नाही. ब्रिटिश अमदानीत कलेक्टर गावोगाव मुक्काम करीत असे. तो साम्राज्याचा नोकर होता, पण तंबूबाहेर उभ्या असलेल्या रयतेला तो निदान दिसत तरी होता. आजच्या अधिकाऱ्याला गावी जाण्याचे कारण उरलेले नाही आणि गावाला त्याच्या पडद्यावर येण्याचा मार्ग दिलेला नाही.

वारणेचा धडा

दूरसंपर्काच्या साधनांनी खेड्यांचा कायापालट करण्याचे स्वप्न या देशात नवे नाही. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग झाला. प्रयोग मोठा होता, परंतु बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक, असेच त्याचे स्वरूप होते. २००४ साली एज्युसॅट सोडण्यात आला, तेव्हा खालून उलट बोलण्याची सोय तांत्रिकदृष्ट्या उपलब्ध होती. सोय असणे आणि हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर १९९८ सालचा वारणानगरचा प्रकल्प सर्वांत बोलका आहे. कोल्हापूर-सांगलीकडील सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याची ती योजना. केंद्र, राज्य आणि वारणा सहकारी समूह यांनी तीत पैसा घातला. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले असे सारे काही गावातल्या केंद्रावर मिळावयाचे होते. काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा दिसून आले की, केंद्रांचा उपयोग मुख्यत्वे उसाच्या आणि त्याच्या हिशेबाच्या नोंदींपुरता उरला आहे. पुढे संशोधकांनी काही गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून दाखविले. जड यंत्र गेले आणि शेतकऱ्याची गरज हलक्या साधनाने भागली.

वारणेत निदान सहकारी संस्था होती, म्हणजे सभासदाला जाब विचारण्यास एक जागा होती. वऱ्हाडात कापूसवाल्याच्या पाठीशी तशी संस्था कोणती? १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना मोडीत निघाली. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती आणि अकोला त्या सहांत होते. त्या पॅकेजाचा आराखडा तिवसा तालुक्यातील ग्रामसभांनी केलेला नव्हता. वरून खाली येणाऱ्या मदतीचे जे होते तेच वरून खाली येणाऱ्या यंत्राचेही होते.

मालक कोण?

२०२० च्या टाळेबंदीत सरकार, न्यायालये आणि शाळा एकाएकी पडद्यावर गेल्या. त्यांच्यापैकी अनेकांनी झूम या अमेरिकी कंपनीच्या सेवेचा आश्रय घेतला. १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयानेच ही सेवा सुरक्षित नसल्याची सूचना काढली. त्याच महिन्यात देशी पर्यायासाठी स्पर्धा जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये केरळातील आलप्पुळा येथील एका कंपनीच्या ‘व्हीकन्सोल’ला एक कोटी रुपयांचे पारितोषिक मिळाले. देशी तंत्रज्ञांचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु मालक देशी झाला म्हणजे मालकी सार्वजनिक होत नाही, हे स्वदेशीच्या जयघोषात विसरले जाते.

खरा सार्वजनिक पर्याय तेव्हाही हाताशी होता. जित्सी ही प्रणाली २००३ पासून फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठीय वर्तुळातून वाढली. बिगब्लूबटन २००७ साली कॅनडातील कार्लटन विद्यापीठात सुरू झाली. दोन्ही मुक्त आहेत. कोणतीही जिल्हा परिषद, कोणतेही विद्यापीठ ती आपल्या सर्व्हरवर बसवू शकते, तिची मांडणी बदलू शकते आणि त्यासाठी दर खुर्चीमागे परवानाशुल्क भरावे लागत नाही. येथे खर्च यंत्राचा, जोडणीचा आणि माणसाचा. निविदेच्या बाजारात मात्र बंद पेटी लोकप्रिय आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. पेटीला किंमत असते, देयक असते, उद्घाटन असते. मुक्त प्रणालीला शिकलेला माणूस लागतो, आणि माणूस नेमावयाचा म्हटले की सरकारची तिजोरी रिकामी होते.

हात कोणाचे?

यंत्र स्वतः होऊन बसत नाही. जागा थंड ठेवावी लागते, वीज गेली तरी काही तास चालेल अशी बॅटरी लावावी लागते, जोडणीचे दरवाजे नेमके तेवढेच उघडावे लागतात, दालनातील प्रतिध्वनी मोडावा लागतो आणि महिनोन्महिने देखभाल करावी लागते. हे काम करणारे हात सार्वजनिक क्षेत्राजवळ होते. जानेवारी २०२० अखेर भारत संचार निगममधून सुमारे ७८,५०० कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली बाहेर पडले. ज्यांना खांब, तारा आणि जोड ठाऊक होते, त्यांना घरी बसवून मग ग्रामीण जोडणीची कंत्राटे काढण्यात आली.

२०११ साली अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याचा निर्णय झाला. तीच योजना पुढे भारतनेट झाली. तिचा पैसा सार्वत्रिक सेवा निधीतून आला. हा निधी दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नावरील पाच टक्के आकारणीतून उभा राहिला, म्हणजे अंतिमतः ग्राहकाच्या खिशातून. सरकारी भाषेत दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवासज्ज’ झाल्या आहेत. सज्ज असणे म्हणजे चालू असणे नव्हे, हे ज्या ग्रामपंचायतीतील पेटीवर धूळ बसली आहे तेथील सरपंच सांगू शकेल. आणि त्या पेटीसमोर बसणारा संगणक परिचालक कोण? २०११ च्या संग्राम प्रकल्पापासून तो कंत्राटी आहे आणि किमान वेतनासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढतो आहे. पडद्यावर डिजिटल महाराष्ट्र दिसतो. पडदा चालू करणाऱ्याचे मानधन थकलेले असते.

न्यायालय आणि तुरुंग

या यंत्राचा निखळ लाभ जर कोठे संभवत असेल तर तो न्यायदानात. या बाबतीतला मूलभूत निर्णय महाराष्ट्रातीलच आहे. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावरून साक्ष घेणे ग्राह्य ठरविले. साक्षीदार अमेरिकेतील डॉक्टर होता. जी सोय न्यूयॉर्कच्या डॉक्टरास मिळाली ती तिवसा तालुक्यातील शेतमजुरालाही मिळावी, आणि साक्षीसाठी नागपूरपर्यंत जाताना त्याची दिवसाची मजुरी बुडू नये, हे न्याय्यच आहे. केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ई-न्यायालयांच्या तिसऱ्या टप्प्यास ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातील किती भाग पक्षकाराच्या टोकाला पोहोचतो, हा कळीचा प्रश्न आहे.

तुरुंगाचे चित्र मात्र दुधारी आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशातील कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. न्यायालयीन कोठडी वाढविताना आरोपीला पडद्यावर हजर करण्याची मुभा कायद्याने आहे. २००९ च्या अखेरीस अंमलात आलेल्या दुरुस्तीने ती दिली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. अमरावतीच्या कारागृहातून न्यायालयापर्यंतचा प्रवास वाचला, पोलिसांची नेआण वाचली. पण त्या प्रवासातच कैद्याला वकील भेटे, नातलग दिसत, आणि अंगावरचा वळ न्यायाधीशाच्या नजरेस पडे. पडद्यावर कॅमेऱ्यामागे कोण उभा आहे हे दिसत नाही. वकील व आरोपी यांना एकांतात बोलण्यासाठी वेगळी, मुद्रित न होणारी जोडणी जर सर्व्हरच्या मांडणीत ठेवलेली नसेल, तर ती सुनावणी नव्हे, हजेरी आहे.

तंत्रज्ञानाला विरोध?

एवढे लिहिले की समाजवादी प्रगतीच्या आड येतात, असा आरोप ठरलेला आहे. त्याचे उत्तर केरळने दिले आहे. १ जून २०२० रोजी त्या राज्याने शाळा सुरू केल्या त्या प्रथम दूरचित्रवाणीवरून, आणि ज्या मुलांकडे संच नव्हता त्यांच्यासाठी गावातच सोय शोधली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आणि १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती. हे ज्याला ठाऊक होते त्याने साधन त्या मानाने निवडले. जून २०२३ मध्ये केरळने ‘केफोन’ हे सार्वजनिक मालकीचे जाळे सुरू केले. त्याच्या तारा राज्य वीज मंडळाच्या यंत्रणेवरून गेल्या आणि गरीब कुटुंबांना मोफत जोडणी हे त्याचे जाहीर उद्दिष्ट आहे. त्यात उणिवा असतील. पण जाळे कोणासाठी, हा प्रश्न तेथे आधी विचारला गेला. महावितरणचे खांब महाराष्ट्राच्या गावागावांत उभेच आहेत.

आणखी एक धोका विदर्भाने ओळखावयास हवा. १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासनातून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरते. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईतच झाली. साथीचे कारण तेव्हा होते. उद्या ‘पडदा आहेच, यावयाचे कशाला’ हे कारण होऊ शकेल. पडद्याने भेटीला पूरक व्हावे, भेटीची जागा घेऊ नये.

मागण्या

पक्षकार्यकर्त्यांनी तालुकानिहाय पुढील मागण्या हाती घ्याव्यात.

एक : प्रत्येक तालुक्याच्या व्हीसी कक्षात आठवड्यातून ठरावीक वेळ नागरिकांसाठी राखून ठेवावी. त्या वेळी बैठक उघडण्याचा अधिकार तालुक्याकडे असावा आणि जिल्ह्याच्या व विभागाच्या अधिकाऱ्यांनी समोर हजर राहावे.

दोन : नागरिकांच्या बैठकीत बोलणाऱ्याचा ध्वनिक्षेपक वरून बंद करता येणार नाही, अशी मांडणी असावी, आणि सर्व मांडणी मराठीत लिहून कचेरीच्या फलकावर लावावी.

तीन : आवाजाला प्राधान्य द्यावे. साध्या दूरध्वनीवरूनही बैठकीत सामील होण्याची सोय असावी, म्हणजे ज्याच्याजवळ महाग मोबाइल नाही त्यालाही बोलता येईल.

चार : सर्व्हर सार्वजनिक मालकीचा आणि प्रणाली मुक्त असावी. देखभालीसाठी तालुक्याला किमान एक कायम तंत्रज्ञ नेमावा आणि संगणक परिचालकांना सेवेत सामावून घ्यावे.

पाच : अधिकाऱ्यांच्या व्हीसीचे वेळापत्रक आगाऊ प्रसिद्ध व्हावे. लोकांना भेटण्याच्या वेळेत व्हीसी ठेवू नये.

यांपैकी एकाही मागणीला नव्या शोधाची गरज नाही. जे यंत्र आज बसलेले आहे त्यातच बहुतेक गोष्टी करता येतात. म्हणूनच नकार मिळाला तर तो तांत्रिक नसून राजकीय आहे, हे लोकांना दाखवून देणे सोपे जाईल. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. यंत्राची किंमत, परवान्याचे वार्षिक शुल्क, देखभालीचा करार आणि गेल्या वर्षभरातील बैठकांचे तास, एवढी माहिती प्रत्येक तालुक्यात मागता येईल. ग्रामगीता लिहिणाऱ्या तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज याच तिवसा तालुक्यात मोझरीला आहे; गावाचा कारभार गावाने एकत्र बसून करावा, हा विचार येथे परका नाही. ग्रामसभेने मंत्रालयाला पडद्यावर बोलावले आणि मंत्रालयाला यावे लागले, असे ज्या दिवशी घडेल त्या दिवशी हे यंत्र खऱ्या अर्थाने बसले असे म्हणता येईल.